चंद्रावर न सापडलेला डास

“आता मी जे सांगून राहिलो ना, त्यावर पृथ्वीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, अन् चंद्रावर तर त्याहून नाही!” डोमाजी बोरकुट्यांनी ताटावर चमचा वाजवला. “पण ऐकून घ्या. काल दुपारी मी डास पाहिला. खराखुरा, सहा पायांचा, भाजीच्या वाफ्यात. पोट कसं लाल, डाळिंबाच्या दाण्यावानी!”

जेवणघरातले साठ-सत्तर घास जागच्या जागी थांबले.

वैजूनं कपाळाला हात लावला. झालं, आबाजी सुरू झाले!

डोमाजी म्हणजे वैजूच्या आईचे वडील. वैनगंगेच्या पलीकडच्या जंगलातला हा म्हातारा दीड वर्षापूर्वी लेकीकडे चंद्रावर राहायला आला, तो एक पितळी अडकित्ता आणि पोतंभर थापा घेऊन. येताना यान अर्ध्या वाटेत बंद पडलं आणि आपण खाली उतरून त्याला धक्का मारला, ही त्यातली सगळ्यात लहान थाप. एरवी जेवणघर हसून लोळलं असतं. पण आज कुणी हसलं नाही. कारण वैजूचा धाकटा भाऊ उन्मेष दवाखान्यात होता, आणि त्याला काय झालंय ते चंद्रावर कुणालाच कळत नव्हतं.

ही सगळी मंडळी राहायची अमृतसागरात. अमृतसागर हे चंद्रावरच्या एका मोठ्या काळ्या मैदानाचं नाव. नावात सागर असला तरी तिथं थेंबभर पाणी नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या मैदानाखालून तापलेला लाव्हा वाहत गेला आणि मागे एक लांबलचक पोकळ बोगदा उरला. त्या बोगद्यात आता दोनशे बारा माणसांची वसाहत होती. वैजूची आई मृणाल तिथल्या भट्टीवर कामाला होती. चंद्राची माती तापवायची आणि तिच्यातून श्वासासाठी प्राणवायू काढायचा, हे तिचं काम. बाबा मालवाहू यानावर. सहा-सहा महिने फिरतीवर.

या वसाहतीत डास येणं म्हणजे खरंच अजब. पृथ्वीवरून येणारी प्रत्येक पिशवी, प्रत्येक बी, एवढंच काय, प्रत्येक चप्पल तीन दिवस बाहेरच्या पोकळीत, म्हणजे जिथं हवा नाही आणि हाडं गोठवणारी थंडी आहे तिथं, ठेवली जायची. मगच आत. त्यामुळे अमृतसागरात मुंगी नव्हती, झुरळ नव्हतं, माशी नव्हती. वसाहतीत जन्मलेल्या पोरांनी डास फक्त चित्रात पाहिलेला.

आणि तरीही उन्मेषला असा ताप येत होता की ऐकणाऱ्यानं पहिलं नाव हिवतापाचंच घ्यावं. आधी दात वाजेपर्यंत थंडी. मग अंग तव्यासारखं तापायचं. मग दरदरून घाम, आणि सगळं शांत. दोन दिवस पोरगा खेळायला मागायचा, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पहिल्यांदा सोमवारी. मग गुरुवारी. मग काल, रविवारी. दर वेळी दुपारी चारच्या सुमाराला.

“डास कुठं गेला मग, आबाजी?” डॉक्टर फर्झाना तांबोळी पुढे आल्या. वसाहतीच्या त्या एकुलत्या एक डॉक्टर.

“उडाला ना जी. वर, दिव्याकडे.” आबाजींनी बोट दाखवलं. “माझं म्हणणं एवढंच, की डास आहे तर हिवताप असू शकते. पोराचं रक्त त्या हिशोबानं पाहून घ्या.”

पण शेवटचं वाक्य कुणाच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ‘डास’ हा शब्द ऐकल्याबरोबर जेवणघर रिकामं झालं होतं.

पुढचे दोन दिवस अमृतसागरात जी डासाची शिकार झाली, तशी पृथ्वीवर वाघाचीही कधी झाली नसेल. चंद्रावर आपलं वजन एक षष्ठांश भरतं, त्यामुळे साधी उडी मारली तरी माणूस छतापर्यंत जातो. ताटांना तेल चोपडून पोरं उड्या मारत होती, म्हणजे डास असलाच तर ताटाला चिकटेल. मोठी माणसं शेंगदाण्याच्या वाफ्यात ओणवी होऊन पानन् पान उलटत होती. भट्टीवरच्या लोकांनी पडद्याच्या कापडाची जाळी शिवली. माणसाच्या श्वासाकडे आणि अंगाच्या उबेकडे डास ओढला जातो म्हणून गणिताचे मास्तर स्वतः उघडे बंब होऊन चार तास वाफ्यात बसले. त्यांना सर्दी झाली. डास काही मिळाला नाही.

मंगळवारी संध्याकाळी नाडीनं निकाल दिला. नाडी म्हणजे दवाखान्यातला यंत्रमानव. उंचीला स्टुलाएवढा, आवाजाला मात्र हेडमास्तर.

“वसाहतीतली सगळी हवा अकरा वेळा गाळून पाहिली,” नाडी म्हणाला. “डास शून्य. हिवताप डासामुळे होतो. डास शून्य, म्हणून हिवताप शून्य. हा प्रश्न मी बंद करत आहे.”

“बंद!” आबाजी एकदम उठून उभे राहिले. “अरे, बंद काय करतो डब्या? रक्त तर पाहा!”

“पेशी मोजल्या आहेत,” नाडी म्हणाला. “लोहित पेशी (रक्ताला लाल रंग देणाऱ्या आणि अंगभर प्राणवायू पोचवणाऱ्या चकत्या) फार कमी झाल्या आहेत. उद्या संध्याकाळी सहा वाजता रुग्णाला रक्त द्यावं लागेल. दाता, श्री. डोमाजी बोरकुटे.”

आबाजी मटकन खाली बसले. वैजूला वाटलं, म्हातारा काळजीनं बसला. रक्त द्यायला ते घाबरत नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सव्वा महिन्यापूर्वी त्यांनीच तर दिलं होतं.

तेव्हा झालं असं, की उन्मेष मातीच्या गाडीवरून पैज लावून उडी मारायला गेला आणि कडेच्या पत्र्यावर आपटला. मांडी चिरली, भळाभळा रक्त गेलं. आणि पोराचा रक्तगट कोणता, तर ‘बॉम्बे’! मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून त्या गटाला ते नाव. दहा हजार माणसांत एखाद्याचा असतो. अशा माणसाला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही. चालतं ते फक्त त्याच गटाचं. अमृतसागरातल्या दोनशे बारा माणसांत तसा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे आबाजी. त्या दिवशी आबाजींच्या हातातून निघून नळीतून उन्मेषच्या हातात जाणारी ती लाल रेघ वैजूनं काचेपलीकडून पाहिली होती. रेघ उन्मेषपर्यंत पोचली आणि त्याच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांवर हळूहळू रंग आला. त्या दिवसापासून आबाजींनी यानाला धक्का मारल्याची थापसुद्धा ती निम्मी खरी मानायला लागली होती.

बुधवारी शाळा सुटली तशी ती दवाखान्यात गेली. साडेतीन वाजले होते. उन्मेष मजेत होता. खाटेवर बसून वाटीनं पाण्याचे थेंब उडवून ते किती सावकाश खाली येतात ते बघत होता. नाडीच्या पडद्यावर ताप नव्हता. नाडी खात्रीनं सांगत होता, रुग्णाची प्रकृती स्थिर आहे.

कोपऱ्यात आबाजी पाठमोरे उभे होते. भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या आडव्या नळावर त्यांनी एक गोधडी पसरली होती आणि ती चपातीसारखी उलटून पालटून शेकत होते. शेजारच्या स्टुलावर कोरडे कपडे, तीन टॉवेल आणि तांब्याभर पाणी, सगळं रांगेनं मांडलेलं.

“आबाजी, हे कशाला? त्याला तर काही नाही झालं.”

“असू दे,” आबाजी मागे न वळता म्हणाले.

चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी गोधडी उचलून उन्मेषच्या पायांवर टाकली. “काढा हो आबाजी, उकडतंय!” उन्मेष ओरडला. आणि मग त्याचा चेहरा बदलला. नखं निळसर झाली. हनुवटी थरथरली. बघता बघता अख्खी खाट खडखड वाजायला लागली.

नाडी चमकून म्हणाला, “ताप! अनपेक्षित ताप!”

पण आबाजींना तो अनपेक्षित नव्हता. त्यांनी पोराला गोधडीत गुंडाळून घट्ट छातीशी धरलं. “आता तासभर थंडी,” ते पुटपुटत होते. “मग डोळ्यांतून जाळ निघाल्यावानी होईल. डोकं ठणकेल. मग घाम येईल. घाम आला की सुटला माझा राजा.”

आणि अगदी तसंच झालं. तासभर थंडी. मग जाळ. उन्मेष डोकं धरून कण्हत होता, त्याच्या गालांवर विटकरी रंग चढला होता, आणि वैजू भावाकडे बघतच नव्हती. ती आबाजींच्या हातांकडे बघत होती. त्या हातांना पुढची पायरी आधीच माहीत होती. वाट तोंडपाठ असलेल्या माणसानं अंधारात जिना उतरावा, तसे ते हात चालत होते.

भट्टीवरून धावत आलेल्या आईला खाटेपाशी बसवून तिनं आबाजींचा सदरा ओढला आणि त्यांना दाराबाहेर आणलं.

“डास नव्हताच ना?”

“नव्हता कसा? पोट लाल, डाळिंबाच्या...”

“आबाजी, लबाड बोलता तुम्ही!” वैजूचा आवाज फुटला. “डास शोधायला तुम्ही एकदाही आला नाहीत. तुम्ही सारखं एकच म्हणत होता, रक्त पाहा, रक्त पाहा. हा ताप तुम्ही ओळखला होता. तो कसा चढतो, कसा उतरतो, सगळं तुम्हाला येतं. नाडीच्या आधी तुम्हाला कळलं. हा ताप तुम्हाला येऊन गेलाय!”

यानाला धक्का मारणारा, वाघाच्या कानात जांभई देणारा, रानडुकरावर बसून बाजाराला जाणारा तो म्हातारा भिंतीला टेकला. त्याला पहिल्यांदाच थाप सुचेना.

“त्रेचाळीस वर्षं झाली बाई,” ते म्हणाले. “तेंदूपत्त्याच्या फडीवर मुनशी होतो मी. फडी म्हणजे जंगलातली ती जागा, जिथं लोक विडीची पानं तोडून आणतात अन् आम्ही मोजून घेतो. मे महिना. असं ऊन, की डास औषधालाही नाही. एका पोऱ्याला ताप आला. तिथं एक फिरता डॉक्टर येत होता, डॉक्टर कसला, नुसती पेटी होती त्याच्याजवळ. त्यानं पोऱ्याला सुई टोचली. मग म्हणे, फडीवरल्या सगळ्यांना ताकदीची सुई देतो. तीच सुई. एकाच रांगेत, एकामागून एक, आम्ही अकरा जण. मी दुसरा होतो. हसत हसत दंड पुढं केला होता मी.”

“मग?”

“मग पावसाच्या आधीच नऊ जण तापानं पडले. दर चौथ्या दिवशी खाट वाजे. सरकारी ताई गोळ्या देऊन गेली. दोन घेतल्या, बरं वाटलं. बाकीच्या कडू होत्या, नदीत टाकल्या.” आबाजींनी तोंड पुसलं. “वर्षा-दोन वर्षांनी ताप आपोआप गेला. पुन्हा कधी आला नाही. मी म्हटलं, संपलं. चंद्रावर येण्याच्या अर्जात लिहिलं होतं, कधी हिवताप झाला होता का? मी म्हटलं नाही. हो म्हटलं असतं तर चार महिने तपासण्या, अन् यान काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. अन् मग त्या दिवशी पोराचं रक्त चाललं होतं तेव्हा डॉक्टरीणबाईनं पुन्हा तेच विचारलं. तेव्हा कसं हो म्हणू? त्यांनी माझं रक्तच घेतलं नसतं तर?”

वैजूच्या डोक्यात नाडीचं वाक्य घुमत होतं: डास शून्य, म्हणून हिवताप शून्य. पण फडीवरही डास नव्हते. तिथं होती एक सुई. डास एकाला टोचतो, मग दुसऱ्याला. सुई एकाला टोचली, मग दुसऱ्याला. आणि इथं...

काचेपलीकडून पाहिलेली ती लाल रेघ तिला आठवली.

“आबाजी, चला,” ती म्हणाली. “सहा वाजायच्या आत चला.”

डॉक्टर तांबोळी रक्त घ्यायची पिशवीच तयार करत होत्या. आबाजींनी सगळं सांगितलं. एकही रानडुक्कर न घालता, सरळ. डॉक्टरांनी ऐकलं, पिशवी खाली ठेवली, आणि उन्मेषच्या आणि आबाजींच्या बोटांतून एकेक थेंब घेतला. दोघांसाठी दोन वेगळ्या, कोऱ्या सुया. काम झाल्याबरोबर दोन्ही सुया जाड डब्यात.

“वैजू, तुमच्या शाळेतलं सूक्ष्मदर्शक आण. चंद्राची धूळ बघायचं. धावत!”

थेंब काचेवर पसरून वाळवले, त्यांवर निळा-जांभळा रंग चढवला, धुतले. डॉक्टर उन्मेषची काच पाहू लागल्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग त्या इतक्या हळू आवाजात बोलल्या, की नाडीलासुद्धा पुढे सरकावं लागलं.

“ये, वैजू. बघ.”

वैजूनं डोळा लावला. आधी नुसता गुलाबी उजेड. मग गोल गोल चकत्या दिसायला लागल्या, एकीला लागून एक, जिथवर नजर जाईल तिथवर. टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात अशा पन्नास लाख मावतात, हे तिनं वाचलं होतं. बघत पहिल्यांदाच होती. बहुतेक चकत्या रिकाम्या होत्या. पण एकीच्या पोटात आडवा निळा पट्टा होता, कमरेला शेला बांधावा तसा. आणि काच जराशी सरकवल्यावर जे दिसलं, ते पाहून तिनं काच तिथंच दाबून धरली.

एका चकतीच्या आत फूल होतं. मधोमध तपकिरी ठिपका, आणि भोवती गोलाकार मांडलेल्या इवल्या इवल्या जांभळ्या पाकळ्या.

“हेच ते?” ती कुजबुजली. “पण हे तर सुंदर आहे!”

“सुंदर आहे, आणि तुझ्या भावाला खातंय,” डॉक्टर म्हणाल्या. “हा हिवतापाचा परजीवी (दुसऱ्याच्या अंगात बिऱ्हाड करून त्याच्याच जिवावर जगणारा जीव). एक परजीवी एका लोहित पेशीत शिरतो. आतलं सगळं खातो आणि एकाचे आठ-दहा होतो. त्या पाकळ्या म्हणजे त्याची पोरं. वेळ भरली की पेशी फुटते, पोरं बाहेर पडतात आणि नव्या पेशींत घुसतात. उन्मेषच्या अंगात अशा लाखो पेशी जवळजवळ एकाच वेळी फुटतात. त्या फुटल्या, की थंडी वाजून ताप.”

“दर चौथ्या दिवशी, चार वाजता.”

“हो. हिवतापाच्या परजीवींच्या काही जाती आहेत. त्यातली ही जात बरोबर बहात्तर तास घेते.”

वैजूनं मान वळवून खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं. वरच्या मैदानाचं चित्र त्यावर सतत दिसायचं. चंद्रावर एकदा सूर्य उगवला की चौदा दिवस मावळत नाही. उन्मेषला पहिला ताप आला त्या सोमवारी सूर्य डोंगरामागून नुकता डोकावत होता. आजपर्यंत चार वेळा ताप येऊन गेला, आणि सूर्य आत्ता कुठे माथ्यावरून कलत होता. इथल्या दिवस-रात्रीचा पत्ता नसलेलं, डोळ्यांना न दिसणारं एक घड्याळ जंगलातल्या एका फडीवर चालू झालं, त्रेचाळीस वर्षं आबाजींच्या रक्तात टिकटिकत राहिलं, आणि पावणेचार लाख किलोमीटर प्रवास करून इथंही बहात्तर तासांचाच ठोका देत होतं. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं, ज्याला तिच्याकडे शब्द नव्हता.

“पण डासाशिवाय कसा आला?” नाडीनं विचारलं. त्याचा आवाज जरा उतरला होता.

“डास हा रोग नव्हे, नाडी, डास हा टपालवाला,” डॉक्टर म्हणाल्या. “डासानं आणला असता तर परजीवी आधी यकृतात (पोटात उजवीकडे असतो तो मोठा अवयव) जाऊन वाढला असता आणि मग रक्तात उतरला असता. उन्मेषच्या बाबतीत टपालवाला लागलाच नाही. पत्र थेट हातात पडलं. रक्तातूनच रक्तात. सुईचंही तेच. सुई आतून पोकळ असते. एकाला टोचली की त्या पोकळीत रक्ताचा अंश राहतो, इतका थोडा की डोळ्यांना दिसत नाही. पण त्या अंशात शेकडो परजीवी मावतात, आणि हिवतापच नाही, आणखी कितीतरी रोग मावतात. म्हणून एक सुई, एक माणूस, एकदाच. पुन्हा कधीच नाही.”

“माझं वाक्य चुकलं होतं,” नाडी म्हणाला. “मी डास मोजले. रक्त मोजलं. रक्ताच्या आत पाहिलं नाही.”

आबाजींची काच पाहायला डॉक्टरांना तीन तास लागले. शेवटी त्यात एकच निळा पट्टा सापडला. एकच! आबाजींच्या शरीरानं त्रेचाळीस वर्षं त्या पाहुण्यांना कोपऱ्यात दाबून ठेवलं होतं. घालवता मात्र आलं नव्हतं. म्हाताऱ्याला ताप नाही, थंडी नाही. पण पिशवीभर रक्तात असे हजारो गेले असणार, आणि उन्मेषच्या शरीराला त्यांची ओळखच नव्हती.

औषध? अमृतसागरात हिवतापाचं औषध कुणी आणलंच नव्हतं. डास नाहीत तर कशाला वजन वाढवा! मग नाडीनंच कपाटाची यादी धुंडाळली. भट्टीवरच्या एका काकूंच्या सांधेदुखीसाठी ठेवलेल्या गोळ्या निघाल्या, आणि त्या मुळात हिवतापावरच्याच जुन्या औषधाच्या घराण्यातल्या. डॉक्टरांनी पृथ्वीवरच्या तज्ज्ञांना विचारलं, उन्मेषच्या वजनाप्रमाणे मात्रा (औषधाचं माप) काढली आणि पहिली गोळी दिली. रक्त देणं रद्द झालं. पेशी फुटायच्या थांबल्या, तर शरीर स्वतःच नव्या बनवील.

तर.

तो ‘तर’ शनिवारी दुपारी चारला कळणार होता.

शनिवारी तीन वाजल्यापासून आई, वैजू, आबाजी खाटेभोवती बसून होते. उन्मेष भिंतीकडे तोंड करून पडला होता. बुधवारच्या तापापासून तो धड बोललाही नव्हता. नळावर गोधडी शेकत होती. दाराशी आबाजींची पत्र्याची पेटी भरून ठेवलेली.

“ही पेटी कसली?” डॉक्टरांनी आत येत विचारलं.

“पुढच्या यानानं जातो जी. खोटा अर्ज भरणाऱ्याला परत पाठवतात, नियम आहे.”

डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. “आबाजी, एक सांगू? त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असता ना, तरी मी तुमचंच रक्त घेतलं असतं. दुसरं होतं कुठं? फक्त मी पिशवीतला थेंब तपासला असता, औषध शोधून ठेवलं असतं, आणि पहिल्या थंडीला उन्मेषला गोळी दिली असती. हे तेरा दिवस त्याला काढावे लागले नसते.”

आबाजींनी डोळे मिटून घेतले. हे बोलणं त्यांना सुईपेक्षा खोल गेलं असावं.

“आणि परत कसले जाताय?” डॉक्टर पुढे म्हणाल्या. “तुमच्याही गोळ्या सुरू आहेत. मागच्या वेळी नदीत टाकल्यात. इथं नदी नाही, आणि गोळ्या नाडी मोजून देणार आहे. सगळ्यांची बैठक झाली काल. नियम बदलला.”

बदलला होता खरा. नव्या अर्जाच्या डोक्यावर वैजूनं लिहिलेली ओळ होती: ‘खरं सांगितलंत म्हणून तुम्हाला कुणी परत पाठवणार नाही, खरं सांगितलंत तर आम्ही तयारीत राहू.’ एका दिवसात वसाहतीतल्या एकतीस जणांनी आपापली जुनी दुखणी नव्यानं नोंदवली होती. पुढच्या यानातून हिवतापाच्या चाचण्या येणार होत्या, आणि पृथ्वीवरच्या बॉम्बे गटाच्या तीन अनोळखी माणसांनी दिलेलं, तपासून गोठवलेलं रक्तही. उन्मेषसाठी. त्यातली एक बाई वैनगंगेकाठचीच होती, आणि तिच्या गावात गेली नऊ वर्षं हिवतापाचा एकही रुग्ण नव्हता.

घड्याळात पावणेचार झाले. आईनं उन्मेषचा हात धरला.

“बसल्या बसल्या तुमचा अर्ज भरून टाकू,” डॉक्टर म्हणाल्या. सगळ्यांनाच काहीतरी करायला हवं होतं. “हिवताप झाला होता का?”

“हो.”

“दुसऱ्याला वापरलेली सुई कधी टोचून घेतली होती?”

“हो जी. तेंदूपत्त्याच्या फडीवर.”

“औषध पूर्ण घेतलं होतं?”

“नाही. माझी चूक.”

चार वाजले. कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं आणि सगळ्यांना ते दिसत होतं. वैजू उन्मेषच्या नखांकडे टक लावून होती. नखं गुलाबी होती. चार वाजून पाच. आईची बोटं पांढरी पडली होती. चार वाजून दहा. गोधडी नळावरच होती. चार वाजून वीस मिनिटं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. “वय?”

आबाजींनी मिशीवर हात फिरवला. खाली बसलेला आवाज जरा वर आला, डोळ्यांत जुनी चमक आली. “लिहा,” ते म्हणाले. “पंचावन्न!”

भिंतीकडे तोंड करून पडलेला उन्मेष ताडकन उठून बसला.

“खोटं!” तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की नाडी दोन पावलं मागे सरकला. “एकाहत्तर!”